परिषदेला निघण्याआधी: संग्रहालय-शिक्षकांची तयारी

संग्रहालयात किंवा कलादालनात शिक्षणाचं काम बघणारी माणसं बहुतेक ठिकाणी एक-दोनच असतात. आपल्याच कामातल्या अडचणी कळणारं माणूस त्या इमारतीत शोधून सापडत नाही. त्यामुळे परिषद किंवा कार्यशाळा ठरली की कार्डं छापायची आणि भेटेल त्याच्याशी ओळख करून घ्यायची घाई होते. कार्डं सावकाश छापा. दाखवण्यासारखं एक काम आणि विचारण्यासारखा एक खरा प्रश्न बरोबर असला, की पुढचं बोलणं आपसूक सुरू होतं. म्हणून आधी या दोन गोष्टी.

कामासाठी वर्षभराचा अहवाल नको. एकच उपक्रम निवडा आणि एका कागदावर बसवा. मुलं कोणत्या वयाची, किती होती, वेळ किती मिळाला, कोणत्या वस्तूसमोर थांबलात, पहिला प्रश्न काय विचारलात, मुलं काय बोलली आणि गाडी कुठे अडली. ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि ऐकणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. मुलांचं एखादं बोलणं जसंच्या तसं लिहा. जुन्या नाण्यांच्या पेटीसमोर कुणी ‘याला भोक कशाला पाडलंय?’ असं विचारलं असेल, तर कागदावर तेवढंच पुरे. नाणं दागिना होऊन गळ्यात कसं गेलं आणि त्यावर वर्ग किती वेळ रंगला, ते समोरचा स्वतःहून विचारेल.

फोटो दाखवणार असाल तर मुलांच्या चेहऱ्यांसाठी पालकांची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवा. नसेल तर पाठमोरे किंवा नुसते हात दिसणारे फोटो चालतात. हयात कलाकारांच्या आणि उसन्या आणलेल्या कलाकृतींचे हक्क कुणाकडे आहेत, तेही आपल्या संग्रहालयाच्या नोंदणी विभागाला विचारून घ्या.

मग मोजमापाचा प्रश्न. किती शाळा आल्या हा आकडा सगळ्यांकडेच असतो; काय साधलं ते सांगताना जीभ अडखळते. ब्रिटनमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या संशोधनातून आलेली पाच कप्प्यांची चौकट इथे उपयोगी पडते: ज्ञान आणि आकलन; कौशल्यं; दृष्टिकोन आणि मूल्यं; आनंद, प्रेरणा आणि सर्जनशीलता; कृती, वर्तन आणि प्रगती. पाचही कप्पे भरायचा अट्टहास नको. मुलांना दालन दाखवायच्या एका तासाभराच्या फेरीत एखादा भरला तरी पुष्कळ झालं.

चर्चेत हमखास येणाऱ्या पद्धतींची उजळणी करून जा, पण स्वतःच्या दालनात घासून पाहून. फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसन यांच्या, चित्र बघत मुलांना बोलतं करायच्या पद्धतीतले तीन प्रश्न या क्षेत्रात बहुतेकांना पाठ असतात: या चित्रात काय चाललंय, असं म्हणण्यासारखं तुला काय दिसलं, आणखी काय सापडतंय. माणसांनी भरलेल्या चित्रासमोर हे झकास चालतं. नांगराच्या फाळासमोर मात्र ‘काय चाललंय’ विचारून मुलं नुसती बघत राहतात. तिथे धरायचं कुठे, जोर कुठे लागतो, झिजलंय कुठून असंच विचारावं लागतं. पद्धत कुठे चालली नाही हे सांगणाऱ्या माणसाशी लोक थांबून बोलतात.

रजा आणि खर्चाची मंजुरी हा कंटाळवाणा भाग, पण तो लवकर उरका. अर्जात ‘ओळखी वाढतील’ असं लिहू नका. आयकॉम या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तिच्यात शिक्षण, आनंद, चिंतन आणि ज्ञानाची देवाणघेवाण हे शब्द एका ओळीत आहेत. ती ओळ अर्जाला जोडा आणि परत आल्यावर कोणता उपक्रम बदलणार तेही लिहा. आयकॉमची महापरिषद तीन वर्षांतून एकदा भरते, पण शिक्षणाचं काम बघणारी तिची समिती, सेका, दरवर्षी भेटते. आपल्या कामाच्या माणसांसाठी मला ही छोटी बैठक जास्त सोयीची वाटते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी सवलतीच्या नोंदणीची आणि शिष्यवृत्तीची चौकशी नक्की करावी. विचारल्याशिवाय ती बऱ्याचदा कळतच नाही.

जाण्याच्या आठवडा-दोन आठवडे आधी वक्त्यांची यादी चाळून दोन-तीनच जणांना पत्र लिहा. चार ओळी बास: त्यांचं कोणतं काम पाहिलं, आपला प्रश्न काय, चहाच्या वेळेत दहा मिनिटं मिळतील का. सगळ्यात मोठ्या नावामागे धावू नका. आपल्याएवढ्याच मनुष्यबळात आणि पैशात काम करणारं माणूस जास्त उपयोगाचं. प्रश्नही नेमका असू द्या. ‘शाळांना कसं जोडून घ्यावं?’ याला भाषणच उत्तर म्हणून मिळतं. ‘शिक्षक मुलांना सोडून मागे फोनवर असतात, त्यांना फेरीत काय काम द्यावं?’ याला युक्ती मिळते. (प्रश्नोत्तरांच्या वेळेत उभं राहून स्वतःचंच भाषण करणारे एक-दोघं असतातच. त्यांची मनातल्या मनात गंमत बघावी आणि पाणी प्यावं.)

या सगळ्यापेक्षा मोलाची, आणि जवळजवळ फुकटात होणारी गोष्ट म्हणजे एकमेकांची फेरी बघणं. परिषदेतच कुणाशी तरी ठरवून टाका, तारखेसकट. गेलात की मुलांच्या मागे उभे राहा, मध्ये बोलू नका, आणि वहीत तीनच गोष्टी टिपा: मार्गदर्शक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो, कोणती मुलं एकदाही बोलली नाहीत, आणि मुलं आपण होऊन कोणत्या वस्तूकडे वळली. फेरी संपल्यावर शेरे मारू नका, टिपलेलं वाचून दाखवा. आपल्याकडे ते येतील तेव्हा सजवलेली फेरी दाखवायचा मोह होईल. शाळा उशिरा आल्यामुळे अर्ध्या वेळात उरकावी लागणारी फेरीच त्यांना बघू द्या.

परतल्यावर आभाराची पत्रं त्याच आठवड्यात जाऊ द्यात, कबूल केलेली साहित्याची फाईल सोबत जोडूनच. दालनात दिवसभर उभ्या असणाऱ्या रक्षकांनाही नवीन काय करणार ते सांगा, कारण ‘हात लावू नका’ कधी म्हणायचं आणि कधी नाही, हे त्यांना आधी माहीत लागतं. आणि पुढच्या परिषदेत आपलं काम मांडायचं असेल तर त्याचा गोषवारा पाठवायची मुदत कित्येक महिने आधी संपते, तेव्हा ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका.