लिफ्ट केलेल्या थारला मोठे टायर घालताना या चुका टाळा

"साहेब, दोन इंच लिफ्ट आहे, म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केलंय, तेहेतीस इंची टायर आरामात बसतात." गॅरेजवाला म्हणाला आणि खरंच बसले. सपाट फरशी, चाकं सरळ, गाडीत कुणी नाही. फोटोही झकास आले. घरी पोहोचलो, सोसायटीच्या उतारावर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि पुढून डावीकडून खर्रर्र. वॉचमनसुद्धा उठून बघायला आला.

तो गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता. उभ्या गाडीत टायर बसतोच, घासतो तो चाक हलायला लागल्यावर. आणि चाक दोन प्रकारे हलतं: वळतं, आणि खड्ड्यात वर जातं. लिफ्टमुळे वळताना थोडीफार जागा मिळते. पण बंप स्टॉप, म्हणजे वर जाणाऱ्या चाकाला शेवटी अडवणारा ठोकळा, कंपनीचाच, जुन्या जागी असेल तर चाक पूर्ण वर गेल्यावर पूर्वी जिथे पोहोचायचं तिथेच पोहोचतं. फरक एवढाच, की आता तिथे मोठा टायर पोहोचतो.

गणितही एकदा नीट मांडा. 2020च्या थारच्या एलएक्स मॉडेलला 255/65 आर18 टायर येतो, त्याचा व्यास साधारण 789 मिलिमीटर. 285/70 आर17 घातला तर 831. फरक 42चा, पण जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच वाढते, म्हणजे 21. मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्याने तिथला डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा) लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही, तो टायरनेच उचलला जातो. दगडावर आपटतो तो हाच गोळा. त्यामुळे 'आधी लिफ्ट, मग परवडतील तेवढे मोठे टायर' हा क्रमच उलटा आहे. आधी टायरचं माप ठरवा, मग त्याला लागेल तेवढीच लिफ्ट. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं, असल्यामुळे दोन इंचांच्या पुढे गेलात की ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांचा कोन वाढतो, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि बूट फाटला की आत चिखल गेलाच.

घासतंय कुठे हे शोधायला मी कणीक वापरतो. हसू नका. पुरीसाठी भिजवतो तशी घट्ट कणीक, लिंबाएवढे पाच-सहा गोळे, टायरला चिकटू नये म्हणून वरून तेलाचा हात. हे गोळे चाकाच्या कमानीत, आतल्या लायनरला (प्लॅस्टिकच्या अस्तराला) आणि बंपरच्या मागच्या कोपऱ्याला दाबून लावायचे. मग एखादा बांध गाठायचा आणि पुढचं डावं व मागचं उजवं चाक वर चढेल अशी गाडी तिरकी घ्यायची. तिथे अगदी सावकाश दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग कापायचं, मग उलट बाजूने तेच. खाली उतरून गोळे बघा. चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तिथे उरलेली जागा. बोटभर जाडी असेल तर ठीक. टायरची नक्षी उमटून गोळा पापडासारखा झाला असेल तर तिथे घासणार. आणि काळ्या मातीत फिरणार असाल तर बोटभरही पुरत नाही. पावसाळ्यात ती माती टायरला आणि लायनरला थरावर थर बसते, आणि कोरड्यात न घासणारा टायर अर्ध्या तासात घासायला लागतो.

खूण कुठे आहे त्यावर उपाय ठरतो. फक्त पूर्ण वळवल्यावर बंपरच्या कोपऱ्याला किंवा लायनरला घासत असेल तर प्लॅस्टिक थोडं कापून किंवा हीट गनने गरम करून आत दाबून भागतं. टायर आतल्या बाजूला चासीला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला टेकत असेल तर रिम थोडा बाहेर हवा, म्हणजे ऑफसेट बदलायला हवा. पण इथेच लोक अती करतात. रिम फार बाहेर काढला की वळताना चाक मोठ्या वर्तुळात फिरतं, आतलं घासणं थांबतं आणि बाहेरचं सुरू होतं, शिवाय बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच. सरळ जाताना फक्त खड्ड्यात आपटत असेल तर लांब बंप स्टॉप लावा. त्याने सस्पेन्शनची चाल थोडी कमी होते, हा सौदा मान्य करावा लागतो. स्प्रिंग अजून कडक करून हा आजार बरा होत नाही.

स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, हायवेवर गाडी भरकटते? लिफ्टमुळे कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, बिघडलेला असतो. अलाइनमेंटची बरीच दुकानं फक्त टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवून गाडी हातात देतात. प्रिंटआउट मागा आणि कॅस्टरचा आकडा स्वतः वाचा. 80च्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा, तिथे बहुतेक वेळा सुटतं.

"मायलेज पडलं" म्हणून कपाळाला हात लावण्याआधी ओडोमीटरकडे बघा. वरच्या मापात गाडी प्रत्यक्ष 1,053 किलोमीटर जाते तेव्हा मीटर 1,000 दाखवतो. मायलेज पडतंच, टायर जड असतो, पण तितकं नाही. स्पीडोमीटरला कंपनीकडून थोडं जास्त दाखवायची सवय असते, ते अंतर आता संपतं. तो 80 दाखवतो तेव्हा काटा खरा धरला तर तुम्ही 84वर असता. ब्रेकही पूर्वीसारखा लागत नाही, हे ताम्हिणी उतरताना पहिल्याच वळणावर कळतं.

हवा दाराच्या स्टिकरवर बघून भरू नका. तो आकडा जुन्या टायरचा आहे. एलटी (लाइट ट्रक) जातीच्या टायरला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते. टायरच्या रुंदीभर खडूने जाड रेघ मारा आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवा. रेघ फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी.

स्टेपनी! चार टायर घेऊन पाचवा जुनाच ठेवण्याची कंजुषी मीही केली. मागच्या दारावर ती दिसायला वाईट नाही, पण ती लावून 4एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, डांबरी रस्त्यावर गेलात तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) पीळ बसतो. पाचवा टायर त्याच मापाचा घ्या आणि दाराच्या बिजागऱ्या दर सर्व्हिसिंगला आवळून घ्या, कारण ते चाक आता बरंच जड झालेलं असतं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा लिफ्ट लपत नाही.

आणि नवीन रिम बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने (नेमका जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. गनने आवळलेत म्हणून सोडून देऊ नका. माझ्या पुढच्या उजव्या चाकाचे दोन नट हातानेच फिरले होते.