उपसलेल्या गाळातून खारफुटीची जागा घडवताना

गोव्यातील मांडवी किंवा जुवारी नदीच्या पात्रातून उपसलेला गाळ दूर नेऊन टाकण्यापेक्षा खाडीच्या धूप झालेल्या काठावर खारफुटीसाठी वापरता येतो. मात्र किनारी नियमन क्षेत्राची 2011 ची अधिसूचना भराव घालण्यास व भरतीचे पाणी अडवण्यास मनाई करते, आणि धूप-नियंत्रण, जलमार्गाची देखभाल अशा मोजक्या कामांनाच सवलत देते; म्हणून गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाणाऱ्या अर्जात कामाचा हेतू, भरतीरेषेचा नकाशा, गाळाची तपासणी आणि जागेची अंतिम उंची स्पष्ट असावी. बार्जांच्या वाटेमुळे बंदर कप्तान खात्याचीही संमती लागते. जवळ एक हजार चौरस मीटरहून मोठी खारफुटी असल्यास तिच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टा सोडावा.

मागे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, असेल तर अर्जाआधी तेथील शेतकऱ्यांना भेटावे, कारण मानशीचे, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराचे, तोंड गाळाने चोंदले की पावसाळ्यात सारे शेत पाण्याखाली जाते. तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) मिळतात तो चिखल तर मुळीच बुजवू नये. तो आधीच कोणाच्या तरी पोटापाण्याची जागा आहे.

खाणींकडून वाहून आलेल्या गाळात धातू तपासावेतच. शिवाय मूठभर काळा, कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा गाळ काही आठवडे उघड्यावर ओलसर ठेवून त्याचा सामू (pH, आम्लता मोजणारा आकडा) पाहावा. तो 4 च्या खाली घसरला तर असा गाळ कोरडा पडू देणे घातक, तो सदैव ओला राहील एवढ्या खालीच टाकावा.

काम ऑक्टोबरनंतर, पाऊस ओसरल्यावर करावे. बाहेरच्या कडेला काथ्याच्या गुंडाळ्या मेखांनी रोवून आत गाळ पातळ थरांनी सोडावा. खरी कसोटी उंचीची आहे. समुद्राची सरासरी पातळी आणि उधाणाची भरती यांच्या मधल्या पट्ट्यातच खारफुटी तग धरते आणि वीतभर चुकले तरी रोपे बुडून किंवा वाळून मरतात. ताजा गाळ महिनोन्महिने बसत जातो, तेव्हा खुणा केलेल्या मेढी आधीच रोवून गवंड्याच्या पाण्याच्या नळीने त्यांची पातळी जुळवावी आणि दर उधाणाला नोंद ठेवावी. ओहोटीचे पाणी निघून जाईल असे वळणदार ओहोळ राखावेत.

लागवडीची घाई करू नये. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा. जवळ झाडे असतील तर तिवर या खारफुटीच्या बिया भरतीबरोबर आपसूक येतात. जिथे त्या रुजत नाहीत तिथेच कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या शेंगा, टोकदार बाजू खाली ठेवून, एक तृतीयांश चिखलात खोचाव्यात.