नाथसागरात मीटर ऑक्सिजन कमी दाखवत होता
पैठणला नाथसागरात विरघळलेला ऑक्सिजन मोजत होतो. मीटर लिटरला 6.4 मिलिग्रॅमच्या वर जाईना. होडीवाले मामा म्हणाले, "शेवाळ धरलं असंल, पुसून बघा." सेन्सरच्या टोपीवर खरंच हिरवा, बुळबुळीत थर होता, मऊ ओल्या कापडाने हलक्या हाताने पुसला. खरवडू मात्र नका, टोपीचा लेप जातो. आकडा जेमतेम हलला. काठावर येऊन विंकलर पद्धतीने, म्हणजे पाण्यात रसायनं घालून, ऑक्सिजन तपासला, तर 7.8! मग सेटिंग उघडलं. मीटर कोकण किनाऱ्यावरून आलेला, क्षारता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, समुद्राच्या पाण्याच्या 35 वरच राहिलेली. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. मीटर गोड्या पाण्यालाही तोच हिशोब लावत होता. क्षारता शून्य केली आणि आकडा जुळला. आदल्या दोन दिवसांच्या नोंदी पुन्हा जाऊन घेतल्या.