घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी पहिलं मिलिंग मशीन कसं निवडायचं

मिलिंग मशीन म्हणजे टेबलावर बांधलेला जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) फिरत्या कटरने कापणारं मशीन. ते बघायला सुरुवात करण्याआधी एक कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात तुम्हाला नक्की काय बनवायचंय ते लिहा, म्हणजे मॉडेल इंजिनचे छोटे पार्ट, लेथसाठी टूल पोस्ट (टूल धरणारा भाग), शाफ्टला की-वे (चावी बसवायची खाच), गाडीचे ब्रॅकेट, जे असेल ते. त्यापुढे सगळ्यात मोठ्या जॉबची लांबी-रुंदी-उंची आणि मटेरियल लिहा. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळच असेल तर छोटं मशीन छान चालतं, पण माईल्ड स्टील आणि बीड (कास्ट आयर्न) रोजचं असेल तर गणितच बदलतं. बरेच जण आधी मशीन घेतात आणि मग त्यावर काय होईल ते शोधत बसतात, तसं करू नका.

आणि हो, ड्रिल मशीनवर एक्स-वाय टेबल लावून मिलिंग करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. ड्रिलचा चक नुसता टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) घट्ट बसलेला असतो, वर ड्रॉबार (टूल वरून खेचून धरणारा लांब बोल्ट) नसतो, बाजूने जोर आणि व्हायब्रेशन आलं की चक सुटून फिरत्या कटरसकट खाली येऊ शकतो. त्याचे बेअरिंगही मुख्यतः वरून खाली येणाऱ्या दाबासाठी असतात. लेथ आधीच असेल आणि काम अगदी छोटं असेल तर लेथवर व्हर्टिकल स्लाईड (जॉब वर-खाली सरकवणारी जोडणी) लावून काही दिवस निभावतं, ते चालेल.

आता मुख्य गोष्ट, ताठपणा. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात जॉबवर ठोका मारतो आणि तो ठोका मशीनच्या बॉडीने पचवायचा असतो, बॉडी हलकी असेल तर चॅटर (कटरची थरथर) होतो, फिनिश खराब येते आणि कटर लवकर जातो. म्हणून मोटरचे वॅट बघायच्या आधी वजन बघा. टेबलावर ठेवायची मिनी मिल साधारण ५०-६० किलोची असते, त्यावर स्टील कापलं जातं पण थोडं थोडं, सावकाश. ३०० किलोच्या आसपासचं चौकोनी कॉलमचं बेंच मिल घरच्यासाठी फार दमदार असतं. १९३८ साली आलेल्या ब्रिजपोर्टसारख्या नी टाईप (टेबलच वर-खाली होणाऱ्या) मशीनची तर गोष्टच वेगळी, पण ते टनाच्या घरात जातं, त्यामुळे जमीन, दरवाजा, जिना आणि उचलायची सोय आधी मोजा. माझं मत विचाराल तर तुमच्या जागेत जाईल आणि तुम्हाला सुरक्षित हलवता येईल असं सगळ्यात जड मशीन घ्या.

कॉलम (हेड ज्यावर वर-खाली होतं तो खांब) गोल आहे का डोव्हटेलचा (तिरक्या कडांच्या सरकपट्टीचा) तेही बघा. गोल कॉलमवर हेड वर-खाली करायला क्लॅम्प सैल केला की हेड बाजूला फिरतं आणि सेट केलेला सेंटर हातचा जातो, म्हणजे ड्रिल काढून रीमर (भोक अचूक मापाचं करणारं टूल) लावायला हेड उचललं की परत सेंटर शोधा. डोव्हटेल कॉलममध्ये ही कटकट नाही. दोन्हीत निवड असेल तर डोव्हटेलच.

जागेचं एक गणित लोक हमखास विसरतात. स्पिंडलपासून (कटर फिरवणाऱ्या दांड्यापासून) टेबलापर्यंत २८० मिलिमीटर लिहिलेलं असतं आणि वाटतं भरपूर झालं, पण त्यात वाईसचा (जॉब पकडणाऱ्या शिकंज्याचा) तळ साधारण ७०, जॉब ५०, १० एमएमचं ड्रिल बाहेर ९०, चक आणि त्याचा आर्बर (चक स्पिंडलला जोडणारा दांडा) १००, झाले ३१०! म्हणजे ड्रिल मावतच नाही. तुमच्या मापांनी ही बेरीज दुकानात जायच्या आधी करा. टेबलाची लांबी आणि टेबलाचा ट्रॅव्हल (टेबल किती सरकतं ते अंतर) हे दोन वेगळे आकडे असतात, कामाचा आकडा ट्रॅव्हल.

स्पिंडलचा टेपर मोर्स ३ किंवा आर८ (टेपरचे दोन प्रचलित प्रकार) असला तर टूलिंग सहज मिळतं. आर८ ड्रॉबार सैल करून हलकं ठोकलं की सुटतो, मोर्सला जरा जोरात ठोकावं लागतं. स्पीडसाठी सोपा हिशोब: (कटिंग स्पीड गुणिले १०००) भागिले (३.१४ गुणिले कटरचा एमएममधला डाया). एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटरने माईल्ड स्टीलला २५ मीटर प्रति मिनिट धरलं तर १० एमएमच्या एंडमिलला (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) साधारण ८०० आरपीएम लागतात, आणि ५० एमएमच्या कटरला फक्त १६०. त्यामुळे जास्तीत जास्त स्पीड किती यापेक्षा कमीत कमी किती आणि तिथे जोर राहतो का हे विचारा. नुसत्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर खालच्या स्पीडला मोटरची ताकद कमी पडते, सोबत गिअर किंवा बेल्टची रेंज असेल तर बरं. प्लास्टिक गिअर असतील तर कटर अडकला की ते तुटतात, स्पेअर मिळतात का बघा. घरी सिंगल फेज आणि मोटर थ्री फेज असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा, स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावता येतो, फक्त मोटरच्या प्लेटवरचं व्होल्टेज जुळतंय का तपासा.

जुनं मशीन घेत असाल तर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळी मापक) आणि मॅग्नेटिक स्टँड सोबत न्या. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा, मधे सैल आणि टोकांना जड लागलं तर मधला भाग झिजलाय, गिब (सैलपणा काढणारी पट्टी) आवळून ते जात नाही. हँडल एका बाजूला फिरवून उलटं फिरवा, टेबल हलायच्या आधी डायल जितकं रिकामं फिरतं तो बॅकलॅश. थोडा असतोच, आणि तो असताना क्लाईंब मिलिंग (कटरच्या फिरण्याच्याच दिशेने जॉब सरकवून कापणं) टाळायचं कारण कटर जॉबला स्वतःच ओढून घेतो. स्पिंडलच्या टेपरमध्ये आत डायल टेकवून हाताने फिरवा, फरक ०.०१-०.०२ एमएम पर्यंत असेल तर काळजी नाही. मग पूर्ण स्पीडला पंधरा-वीस मिनिटं चालवा, कोमट होणं ठीक, घरघर किंवा चटका बसेल इतकं गरम म्हणजे बेअरिंग गेले.

सगळे पैसे मशीनवर घालवू नका, निम्म्याच्या आसपास टूलिंगला ठेवा. टेबलाच्या रुंदीला शोभेल असा चांगला वाईस, ईआर३२ कोलेट चक (२ ते २० एमएम शँक, म्हणजे कटरचा दांडा, धरतो), टी-स्लॉटच्या (टेबलातल्या खाचांच्या) मापाचा क्लॅम्पिंग सेट, पॅरलल्स (जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्ट्या), एज फाइंडर (जॉबची कड शोधणारं टूल), ६-१०-१२ चे एंडमिल एवढ्यावर सुरू करता येतं. डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) नंतर लावला तरी चालतो. गॉगल मात्र पहिल्या दिवसापासून, हातमोजे अजिबात नाही, चिप्स ब्रशनेच काढायच्या आणि ड्रॉबारचा पाना मशीनवर कधीच विसरायचा नाही.

मशीन आलं की कट द्यायची घाई नको. स्टँडला बोल्टने पक्कं करा, लेव्हल करा, मग स्पिंडलला डायल अडकवून हाताने पूर्ण गोल फिरवा आणि टेबलावर डावी-उजवी, पुढे-मागे चारही जागी रीडिंग घ्या. डावी-उजवी बहुतेक मशीनला हेडचे बोल्ट सैल करून जुळवता येते, पुढे-मागे चुकत असेल तर कॉलमखाली शिम (पातळ पत्रा) टाकावी लागते. २०० एमएमच्या गोलात ०.०२ एमएमच्या आत आलं की वाईसचा फिक्स जॉ डायलने टेबलाच्या चालीला समांतर लावा, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर अर्ध्या एमएमचा पहिला फेस मारा.