फास्टनर फिरतोय, पण आवळत नाही? या चुका टाळा

परवा पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात गिझर बघायला गेलो. आधी कुणी तरी लावून गेलेला फास्टनर (भिंतीच्या भोकात बसवायचा नळीवाला बोल्ट) भिंतीतून बोटभर बाहेर आला होता. "दादा, नट तर घट्ट आहे हो," काकू म्हणाल्या. नट घट्टच होता, पण पाना लावला की नट, बोल्ट, नळी सगळं एकत्र फिरायचं. २५ लिटरचा गिझर म्हणजे नुसतं पाणीच २५ किलो, टाकीचं वजन वेगळं.

बोल्ट आवळला की त्याचं निमुळतं टोक नळीत ओढलं जातं, नळी फाकते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. हा दाब सोसायला आजूबाजूला टणक माल लागतो. काँक्रीट तो सोसतं. वाड्यातला चुन्याचा सांधा सोसत नाही, त्याचा चुरा होतो. काकूंच्याकडे नेमकं सांध्यातच भोक पाडलं होतं.

म्हणून ड्रिल मारताना बिटाकडे नाही, खाली पडणाऱ्या भुश्याकडे बघा. लाल भुसा म्हणजे वीट. पांढरट, मऊ भुसा पडला आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक. तिथे लोखंडी फास्टनर नकोच, त्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) घ्या. फसवते ती फ्लाय ॲशची, म्हणजे कोळशाच्या राखेची वीट. तिचा भुसा काँक्रीटसारखाच राखाडी, पण बिट भराभर आत जातं. काँक्रीटमध्ये मशीन हाताला झटके देतं, ते एकदा कळलं की विसरत नाही.

भोकाचं माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचं हवं, बोल्टच्या नाही. पाकिटावर छापलेलं असतं, आपण पाकीट आधी फेकतो. भोकाची खोली मोजतानाही प्लास्टर धरू नका. आतलं प्लास्टर १२ ते १५ मिमी, बाहेरचं २० च्या आसपास. ६० मिमीच्या फास्टनरचा पाव भाग नुसत्या प्लास्टरमध्ये गेला तर पकड कशाला उरणार? भोकातली धूळ ब्रशने खरवडून पंपाने उडवा. तोंडाने फुंकू नका, सगळी डोळ्यांत येते. (मी दोनदा शिकलोय.)

कॉलमच्या कडेला ग्रिल लावताना कोपऱ्याचा टवका उडतो, तो कडेला चिकटून भोक पाडल्यामुळे. ढोबळ हिशेब असा: कडेपासून व्यासाच्या पाचपट, दोन फास्टनरांत दहापट. १० मिमीला ५० आणि १०० मिमी. आत सळई लागली तर ती कापत बसू नका, जागा बदला आणि फसलेलं भोक ग्राउटने (सिमेंटच्या भरावाने) भरा. काडेपेटीच्या काड्या ठोकून सैल फास्टनर बसवणं हा उपाय नाही, पुढच्या पडझडीची तयारी आहे.

पान्याला पाइप अडकवून आवळणारेही असतात. सळईसारख्या, टोकाला फाकणारी कडी असलेल्या वेज फास्टनरला हाताने घट्ट झाल्यावर साधारण तीन ते पाच फेरे पुरतात. पुढे आटे तरी जातात नाही तर काँक्रीट तडकतं.

आणि झोपाळा. स्लॅबला साधे फास्टनर मारून झोपाळा टांगून द्या म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. त्याचा भार वरून खाली ओढणारा, शिवाय सतत हलणारा. असे फास्टनर हळूहळू सैल होतात आणि खाली मुलं बसलेली असतात.

काकूंच्या भिंतीत सांधा सोडून विटांच्या मधोमध नवी भोकं पाडली, आत जाळीची नळी सरकवली, सळई भिंतीला चिकटवणारं केमिकल भरलं आणि आटेवाली सळई फिरवत घातली. जाळी नसती तर भिंतीच्या पोकळीत सगळं केमिकल वाहून गेलं असतं. केमिकल वाळेपर्यंत गिझर टांगायचा नाही म्हटल्यावर काकूंनी माळ्यावरचा बंब खाली काढायला लावला, तोही मलाच.