बाराखडी नंतर, आधी 'नानाला बाम'

मी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी शिकवते. जूनमध्ये येणाऱ्या बऱ्याच पोरांना बाराखडी तोंडपाठ असते. आजीनं शिकवलेली, 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि', अगदी चालीत. मी तक्त्यावरच्या 'कू'वर बोट ठेवून विचारते, हे काय? पोरगं पुन्हा 'क'पासून सुरू करतं आणि म्हणत म्हणत 'कू'पाशी येतं. कधी त्याच ओघात 'के'वर जाऊन थांबतं. तुमच्या घरी आज करून बघा. चाल येते की अक्षर येतं, ते लगेच कळेल.

सुरुवात आवाजापासून करा, पाटी-पेन्सिल नंतर. नाव टाळ्या वाजवत तोडायचं: स-वि-ता. 'म'नं सुरू होणारं स्वयंपाकघरात काय काय आहे? मीठ, मिरची, मसाला. शब्दाच्या शेवटी कोणता आवाज आला? भेंड्या खेळणाऱ्या घरात हे आपोआप होतं.

मग अक्षरं, पण थोडी. 'ग म भ न'ची जुनी रीत वळण गिरवायला चांगली. वाचायला शिकवताना मात्र 'म' आणि 'भ' एकाच आठवड्यात देऊ नका, पोरं गोंधळतात. घ-ध, ब-व, प-ष या जोड्याही लांब लांब ठेवा. मी आधी क, म, न, ब, ल, र घेते आणि लगेच काना देते. एवढ्यावर कान, नाक, रान, मका, बाक, लाल, बकरा तयार होतात. 'काकाला मका, नानाला बाम' असं फळ्यावर लिहिलं की वर्ग हसतो. हसला म्हणजे अर्थ पोहोचला. पहिल्या महिन्यातच पोराला स्वतःहून पूर्ण ओळ वाचता आली पाहिजे, मग पुढची अक्षरं द्यायला हरकत नाही.

पहिली वेलांटी हा खरा अडथळा. कागदावर ती अक्षराच्या आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. 'मिरची'त वेलांटी कुणाची, 'म'ची की 'र'ची, हे पोराला कळत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं आणि चिन्हं वेगवेगळी लिहून कापा. आधी 'म' ठेवायचा, म्हणायचा, मग वेलांटी डावीकडून आणून चिकटवायची आणि 'मि' म्हणायचं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रापेक्षा हातातली ही हालचाल लवकर समजते.

जोडाक्षरं शेवटी शिकवायची असतात म्हणून पोरांचे शब्द अडवू नका. आमच्या भागात बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषय नसतो. पोरं सांगतात, मी तसंच्या तसं फळ्यावर लिहिते: 'रात्री बिबट्या आला. कुत्रा नेला.' 'ट्या' आणि 'त्रा' त्यांना सुटे करून येत नाहीत, पण शब्द चेहऱ्यासारखा ओळखतात. रीतसर शिकवताना चप्पल, पत्ता आधी, मग पुस्तक, म्हैस, आणि 'र'ची रूपं सगळ्यात शेवटी: सूर्य, चक्र, ट्रॅक्टर.

घरी काय करायचं? दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. पोर अडखळलं तर मनात पाच मोजून थांबा, तरीही आलं नाही तर शब्द सांगून टाका, त्याला पुढे जाऊ द्या. 'घर'ला 'धर' वाचलं तर ओरडू नका, वाक्य संपलं की विचारा, 'याचा काही अर्थ लागला का?' बहुतेक वेळा ते स्वतःच मागं जातं. ज्या आयांना वाचता येत नाही, त्या मला म्हणतात, बाई, आम्ही काय शिकवणार? मी सांगते, भाकरी थापता थापता ऐका आणि 'मग पुढं काय झालं?' एवढं विचारा. ज्यांना वाचता येतं त्यांनी रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवावी. पुस्तकं नसतील तर मोबाइलवर 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा, कॅलेंडर हेही वाचनच.

शेजारच्या पोराशी तुलना करून पहिलीतच शिकवणी लावू नका. 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्टसुद्धा तिसरीच्या अखेरीपर्यंत समजून वाचता यावं, असं आहे. मात्र पोर फळ्याला नाक लावून बघत असेल किंवा हाक मारल्यावर ओ देत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. अंगणवाडीत आणि शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.