कर्मचाऱ्यांचे डिलीट झालेले मेल: घड्याळ थांबवा, मग शोधा

मेल हरवल्याची तक्रार आली की ॲडमिनचा हात आधी सर्चकडे जातो. तो आधी घड्याळाकडे जायला हवा. डिलीट झालेला मेल सर्व्हरवर ठरावीक दिवसच राहतो आणि ते दिवस तक्रार येण्याआधीच सुरू झालेले असतात. म्हणून तीन गोष्टी लगेच विचारा: मेल शेवटचा कधी दिसला होता, कुठल्या फोल्डरमध्ये होता, आणि ज्याचा मेलबॉक्स आहे त्याचं खातं अजून चालू आहे का? मुदत संपत आली असेल आणि तुमच्या लायसन्समध्ये सोय असेल, तर मेलबॉक्सवर आधी होल्ड (मेल कायमचे पुसले जाऊ नयेत म्हणून लावायचा अटकाव) लावा आणि मग निवांत शोधा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये होल्ड लागू व्हायला काही तास जाऊ शकतात. त्यामुळे शेवटच्या दिवशी संध्याकाळी लावलेल्या होल्डवर विसंबू नका.

'मी काहीच डिलीट केलं नाही' असं कर्मचारी म्हणतो तेव्हा ते बऱ्याचदा खरंच असतं. माउसने ओढताना अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन बसतो. विंडोजवरच्या आउटलुकमध्ये बॅकस्पेस दाबलं की मेल आर्काइव्हमध्ये जातो. आधी संपूर्ण मेलबॉक्समध्ये शोधा, आर्काइव्ह बघा, जंक बघा. त्यानंतर त्या खात्याला जोडलेली उपकरणं तपासा. जुन्या फोनवर किंवा घरच्या संगणकावर पॉप (मेल उपकरणात उतरवून घेण्याची जुनी पद्धत) खातं जोडलेलं असेल आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' हा पर्याय बंद असेल, तर मेल तिकडे उतरतात आणि सर्व्हरवरून गायब होतात. अशा वेळी ते त्या उपकरणातच सापडतात.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये

साधा डिलीट केलेला मेल 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जातो. तो फोल्डर रिकामा केला किंवा शिफ्ट-डिलीट दाबलं, की मेल 'रिकव्हरेबल आयटम्स' या लपलेल्या फोल्डरात जातो. खरी मुदत इथून मोजली जाते: मुळात १४ दिवस, जास्तीत जास्त ३०. ही मर्यादा पहिल्याच दिवशी सगळ्या मेलबॉक्सना ३० करून टाका, आणि मेलबॉक्स प्लॅनमध्येही (नव्या मेलबॉक्सना लागू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बदला, नाहीतर नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्यांना पुन्हा १४ च मिळतील. १४ वर ठेवण्याचं एकही चांगलं कारण नाही.

कर्मचारी स्वतः आउटलुकमधल्या 'रिकव्हर डिलीटेड आयटम्स'मधून मेल परत आणू शकतो. त्याने तिथूनही तो पुसला असेल, तरी 'सिंगल आयटम रिकव्हरी' चालू असल्यास मुदत संपेपर्यंत ॲडमिनला तो मिळतो. एक्सचेंज ॲडमिन सेंटरमध्ये मेलबॉक्सच्या यादीत ते नाव निवडा, डिलीट झालेले आयटम परत आणण्याचा पर्याय उघडा, तारीख आणि विषयावरून गाळा आणि रिस्टोअर करा. तो पर्याय दिसतच नसेल तर घाबरू नका. तुमच्या खात्याला 'मेलबॉक्स इम्पोर्ट एक्स्पोर्ट' ही भूमिका दिलेली नसते. ती ग्लोबल ॲडमिनलाही आपोआप मिळत नाही. मेल परत आला तो शक्यतो मूळ फोल्डरात जातो. मूळ फोल्डरची नोंद उरली नसेल तर इनबॉक्समध्ये शोधा.

कोणी डिलीट केलं, हे ऑडिट लॉग सांगतो. मेल डिलीटेड आयटम्समध्ये हलवला, तिथून काढला, कायमचा पुसला, या तिन्ही क्रियांची त्यात वेगवेगळी नोंद असते. साध्या लायसन्सवर ही नोंद १८० दिवस टिकते. मेलबॉक्सचा ताबा मिळालेला सहकारी किंवा सेक्रेटरी यांचं नाव इथेच कळतं. त्याच वेळी इनबॉक्सचे रूल्सही उघडून पाहा. खातं हॅक झालं की हल्लेखोर बँक, बिल, पासवर्ड अशा शब्दांचे मेल आल्या आल्या डिलीट करणारा रूल लावून ठेवतो. तो रूल काढला नाही, तर तुम्ही जुने मेल परत आणाल आणि नवे तसेच जात राहतील.

गूगल वर्कस्पेसमध्ये

ट्रॅशमध्ये ३० दिवस. तिथून गेल्यावर ॲडमिनच्या हातात आणखी २५ दिवस. ॲडमिन कन्सोलमध्ये डिरेक्टरी, मग यूजर्स, तिथे कर्मचाऱ्याचं नाव, 'रिस्टोअर डेटा', आणि ॲपमध्ये जीमेल निवडा. इथली तारीख मेल आल्याची टाकायची नसते, कायमचा डिलीट झाल्याची टाकायची असते. 'रिस्टोअर केलं पण काहीच आलं नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हीच चूक निघते. २५ दिवसही उलटले असतील तर वॉल्टमध्ये (डेटा जपून ठेवण्याची आणि शोधण्याची गूगलची सोय) शोधता येतं, पण रिटेन्शन रूल (मेल किती दिवस ठेवायचे याचा नियम) किंवा होल्ड आधीपासून असेल तरच.

वॉल्टचे रूल लिहिताना हात जपून चालवा. अमुक दिवसांनंतर कायमचं पुसा असा रूल सेव्ह केला, की मुदत उलटलेले मेल लगेच पुसायला सुरुवात होऊ शकते आणि ते परत येत नाहीत. आधी एका छोट्या चाचणी विभागावर लावून बघा. ज्यांच्यावर वाद किंवा चौकशी चालू आहे त्यांच्यावर होल्ड आधी, रूल नंतर. होल्ड असेल तर रूल त्या मेलला हात लावत नाही.

नोकरी सोडून जाणाऱ्याचा मेलबॉक्स

सगळ्यात जास्त मेल कायमचे जातात ते इथे, आणि कारण असतं लायसन्सचा खर्च वाचवण्याची घाई. क्रम असा ठेवा: लॉगिन बंद करा, चालू सेशन तोडा, फोनवरचं खातं काढा, मेलबॉक्स जपायची व्यवस्था करा, आणि सगळ्यात शेवटी लायसन्स काढा.

मायक्रोसॉफ्टमध्ये लायसन्स काढलं किंवा यूजर डिलीट केला की मेलबॉक्स ३० दिवस परत आणता येतो, नंतर नाही. ५० जीबीपेक्षा लहान मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्समध्ये (अनेकांना मिळून वापरता येणारा) बदलला तर लायसन्सशिवाय चालतो. त्याहून मोठा असेल किंवा त्यावर लिटिगेशन होल्ड (कोर्टकचेरीसाठी मेल जपणारा होल्ड) हवा असेल तर लायसन्स लागतंच, आणि हे बहुतेक जण विसरतात. दुसरा रस्ता म्हणजे होल्ड लावून मग यूजर डिलीट करणं. मेलबॉक्स निष्क्रिय रूपात जपला जातो. फक्त होल्ड लागू झाल्याची खात्री डिलीट करण्याआधी करून घ्या.

गूगलमध्ये डिलीट केलेला यूजर २० दिवसांत परत आणता येतो. त्यानंतर त्याचा वॉल्टमधला डेटाही जातो. वॉल्ट आहे म्हणून निर्धास्त राहून यूजर डिलीट करणाऱ्यांची गाडी इथेच अडते. डेटा ठेवायचा असेल तर खात्याला 'आर्काइव्ह्ड यूजर' लायसन्स द्या.

कोणी काय बघायचं

परत आणण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे मेल वाचण्याचा अधिकार नव्हे. विनंती लेखी घ्या. मेलबॉक्सचा मालक स्वतः मागत नसेल तर एचआर किंवा कायदा विभागातल्या एकाची मंजुरी तिकिटावर हवी. सर्च अरुंद ठेवा: पाठवणारा, तारखांची मर्यादा, विषयातला शब्द. कंपनी मेल किती काळ ठेवते आणि कोणत्या कारणासाठी उघडू शकते, हे कर्मचाऱ्यांना आधीच लेखी कळवलेलं असावं. मुदत ठरवताना हिशेब, करार आणि कर्मचारी नोंदी यांना लागू असलेला कायदा बघा. सगळ्यांना एकच आकडा लावू नका, आणि 'कायम ठेवा' हाही सोपा मार्ग समजू नका. साठवलेला प्रत्येक मेल उद्या चौकशीत मागितला जाऊ शकतो.

बॅकअप

रिटेन्शन म्हणजे बॅकअप नव्हे. रूल चुकला, ॲडमिन खातं हॅक झालं, तर रिटेन्शनही त्याच्याबरोबर जातं. बॅकअप वेगळ्या यंत्रणेत आणि वेगळ्या पासवर्डखाली असावा. दर तिमाहीला एक सुटा मेल आणि एक पूर्ण मेलबॉक्स परत आणून पाहा. पूर्ण मेलबॉक्स मूळ जागी ओतू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, नाहीतर प्रत्येक मेलच्या दोन-दोन प्रती होतील. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मोठ्या मेलबॉक्सला तास नव्हे, दिवस लागू शकतात, आणि तो आकडा साहेबांना आधीच माहीत असलेला बरा.